सामानाजवळ बसणारी

आमच्या गजभिये घरात शांताबाईंइतकी फिरलेली बाई दुसरी नाही. पचमढी, अमरकंटक, सांची, जगदलपूर, बोधगया, पुरी, सगळं झालं. आता त्यांना विचारा, काय काय पाहिलं? पचमढीचा बसस्टँड. सांचीला टेकडीखालचं फाटक. बोधगयेला भिंतीवरून दिसलं तेवढं शिखर. कारण जिथं जिथं आम्ही गेलो, तिथं तिथं माझी ही थोरली जाऊ सामानाजवळ बसलेली होती.

हे कसं सुरू झालं ते सांगते. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ हिरालाल, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात चौतीस वर्षं होते. माणूस रिटायर झाला, पण पार्सल ऑफिस अंगातून गेलं नाही. सहलीला निघायचं म्हटलं की ते प्रत्येक बॅगेला पुठ्ठ्याची चिठ्ठी सुतळीनं बांधतात आणि मार्करनं लिहितात, नऊपैकी एक, नऊपैकी दोन. चिवड्याच्या डब्यालाही नंबर. त्यांच्या तोंडी हे सगळे ‘नग’. क्लोकरूमवर, हॉटेलवर, कोणावरही भरवसा नाही. “आपलं सामान आपल्या मानसाच्या नजरेखाली पायजे,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

नजर कोणाची, हे मात्र कधी चर्चेला आलंच नाही. पहिल्या सहलीत शांताबाईंच्या मांडीवर त्यांचा मुलगा धम्मदीप तापानं फणफणलेला होता, म्हणून त्या बसल्या. दुसऱ्या सहलीत बसल्या, कारण पहिल्या सहलीत त्याच बसल्या होत्या. पुढं सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. भासऱ्यांचे एक दोस्त आहेत बाबाराव, रेल्वेतलेच, प्रत्येक सहलीला बायकोसकट हजर. जिभेला हाड नाही. बॅगा मोजून झाल्या की ते म्हणायचे, “नऊ झाले. आन् वहिनी दहावा नग.” पंचवीस वर्षं हा एकच विनोद. आम्ही पंचवीस वर्षं हसलो. मीही हसले. शांताबाईसुद्धा हसायच्या.

बाई मुळात तुमसरची. काळीसावळी, झपझप चालणारी. रायपुरात गुढियारीतल्या आमच्या घरात खिडकीपाशी तिचं पिको-फॉलचं मशीन. पार पुरानी बस्तीपासून बायका साड्या घेऊन यायच्या, कारण रंगाला रंग जुळवावा तर शांताबाईंनीच. दुकानदार दहा रिळं काढून दाखवायचा आणि ही लांबूनच सांगायची, डावीकडून तिसरं. त्या डोळ्यांचा तिला थोडा गर्व होता. असायलाच पाहिजे होता, दुसरं होतं काय तिच्याजवळ?

दोन वर्षांपूर्वी तिनं एका वांगी रंगाच्या साडीला तपकिरी फॉल लावला. गिऱ्हाईक दारात उभं राहून बोलून गेलं. मग दुसरी साडी बिघडली, मग तिसरी. डॉक्टरकडं नेलं तर काचबिंदू निघाला. डावा डोळा गेल्यातच जमा होता आणि उजव्यानं बांगडीतून पाहावं तेवढंच दिसत होतं, मधोमध गोल, आजूबाजूला काही नाही. औषधानं जेवढं टिकेल तेवढं टिकेल, डॉक्टर म्हणाले, पण फार दिवसांचा भरवसा धरू नका. काय पाहायचं असेल ते पाहून घ्या.

दवाखान्याच्या पायरीवर ती भासऱ्यांना म्हणाली, “मले समुद्र पाहाचा आहे.”

“पुरीले गेलो होतो ना आपन?”

“तुमी गेले होते. मी लॉजच्या वऱ्हांड्यात होती.”

लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती आणि बाईनं तोंड उघडून मागितलेली ही पहिली गोष्ट. भासरे ओशाळले. रडले नाहीत, पण घरी येऊन लगेच पास काढायला धावले. विशाखापट्टणमचं ठरलं. सगळ्यांना फोन गेले, शांताला समुद्र दाखवायला नेतो आहे. बाबाराव म्हणाले, मग आम्ही कसे मागं राहू? धम्मदीपनं ऑफिसातून सुटी काढली. माझा नवरा गंगाधर बीरगांवच्या बाजूला, उरला नावाच्या भागातल्या कारखान्यात, त्यानंही चार दिवस मागून घेतले. मी दोन नवे ड्रेस घेतले. एका बाईचे डोळे जाणार म्हणून आम्ही सगळे खुशीत होतो. असं कोणी बोललं नाही, पण होतो.

डिसेंबरात गेलो. सकाळी पोचलो तर हॉटेलवाला म्हणाला, खोल्या बाराला मिळतील. समुद्र समोरच, रस्ता ओलांडला की वाळू. भासरे म्हणाले, तोवर आम्ही फक्त चहा पिऊन येतो, शांता, तू बस, तुले तं आता तीन दिवस पाहाचाच आहे. त्या चहाला अडीच तास लागले. दुपारी डोळ्यांत थेंब घालून ती पडली, कारण प्रवासानं डोळा लाल झाला होता. संध्याकाळी तिला नेलं. तिकडं अंधार फार लवकर पडतो, हे आम्हा रायपूरवाल्यांच्या लक्षातच आलं नाही, आणि कमी उजेडात तिला काहीच दिसायचं नाही. ती वाळूत उभी राहिली. भासऱ्यांनी खांदा धरून तिचं तोंड बरोबर दिशेला केलं.

“आवाज येते,” ती म्हणाली. “दिसत नाही.”

“झालं ना. आली ना समुद्रावर,” भासरे म्हणाले, आणि धम्मदीपनं फ्लॅश मारून फोटो काढला.

दुसरा दिवस अरकूच्या डोंगराचा. वाटेतल्या गुंफेत पायऱ्या फार, म्हणून ती गाडीत. हॉटेलवर भरवसा नाही म्हणून गाडीत बॅगाही होत्याच, तेव्हा ते आपसूकच झालं. परत येईपर्यंत पुन्हा अंधार. उरली तिसऱ्या दिवशीची सकाळ. दहाला खोल्या सोडायच्या, दुपारची गाडी. बॅगा खाली आणून हॉटेलच्या आतल्या भिंतीला लावल्या, समोर एक खुर्ची ठेवली.

तेव्हा शांताबाईंनी मला बाजूला घेतलं. “रीना, आज तू बसशीन का? अर्धाच घंटा. उजेडात एकदा पाहून येतो.”

“बसते ना, बाई,” मी म्हटलं. “धम्मदीपजवळ माझा फोन आहे, तेवढा घेऊन येते. पाच मिनिटं.”

मी खरंच फोन घ्यायला गेले होते. हे मी दहादा सांगितलं आहे, कोणी विचारलेलं नसतानाही. धम्मदीप पाण्यात उभा होता, म्हणाला, “काकी, आप भी आओ ना, एक फोटो.” मी सलवार वर केली आणि पाण्यात गेले. लाट आली, मी किंचाळले, आणि गंगाधरनं माझा हात धरला. माझ्या नवऱ्यानं चार माणसांत माझा हात धरल्याला किती वर्षं झाली असतील ते मला आठवत नव्हतं. मग कणसं आली. मग बाबारावांच्या बायकोचा आणि माझा वाळूत बसून फोटो. मला शांताबाई आठवल्या नाहीत असं नाही. तीनदा आठवल्या. तिन्ही वेळा मी मनात म्हटलं, आणखी पाच मिनिटं.

आम्ही हॉटेलवर परत गेलो तेव्हा ऑटो दारात लागलेच होते. ती खुर्चीवर बसली होती. वाळूत चालता यावं म्हणून साडी घोट्याच्या वर खोचून घेतलेली, चपला काढून पायाशी ठेवलेल्या. तोंड बॅगांकडं, म्हणजे भिंतीकडं.

काउंटरवरचा माणूस मला म्हणाला, “मैडम, आपकी अम्मा को मैंने बोला, पीछे घूमके देखो, काँच में से पूरा समंदर दिखता है. बोली, उधर देखूँगी तो बैग कौन देखेगा.”

मी वळून पाहिलं. दाराची काच भिंतीएवढी आणि त्यात पूर्ण समुद्र, उन्हात चकाकणारा. तिच्या पाठीमागं दहा पावलांवर. नेहमीच्या माणसाला दोन्ही दिसलं असतं, मान थोडी वळवली की समुद्र, थोडी वळवली की बॅगा. हिच्या बांगडीएवढ्या नजरेत एका वेळी एकच मावत होतं. दोन तास तिनं त्यात नऊ बॅगा सामावून घेतल्या. इतक्या वर्षांची सवय. एवढी वेडी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि मला तिचा राग आला. स्वतःचा यायला पाहिजे होता, तो नंतर आला.

“बाई, चला, पटकन, मी बसते,” मी म्हटलं.

“चला कुठं? गाडी सुटन,” भासरे म्हणाले. “परसों पाहिला ना तिनं.”

धम्मदीप म्हणाला, “माँ, छोड़ो ना, अगली बार.”

शांताबाईंनी माझ्याकडं पाहिलं. नेमकं पाहता यावं म्हणून त्यांना मान हलवून चेहरा शोधावा लागला. मग त्यांनी खोचलेली साडी खाली सोडली, चपला घातल्या आणि विचारलं, “पान्याचा कॅन कोनी घेतला?”

पुढच्या पावसाळ्यापर्यंत उजवा डोळाही गेला. पिकोचं मशीन विकलं. त्यानंतरच्या भीमजयंतीला विहारात भासरे भेटेल त्याला सांगत होते, डोळे जायच्या आधी मी तिला समुद्र दाखवून आणला. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. एकजण शांताबाईंचा हात धरून म्हणाली, नशीबवान आहा, असा नवरा मिळाला. शांताबाई म्हणाल्या, “हव.” मी बाजूला खीर वाढत होते. तिथंच ओरडून खरं सांगावं असं मला वाटलं. मी खीर वाढत राहिले, कारण खरं सांगायचं तर फोनपासून सुरुवात करावी लागली असती.

यंदा गोव्याचं निघालं. पुन्हा तीच माणसं, बैठक आमच्याच घरी. शांताबाई दिवाणावर बसून ऐकत होत्या. नावं मोजताना भासऱ्यांनी त्यांचं नाव घेतलं नाही. बाबारावांनी विचारलं तर म्हणाले, “तिले आता नेऊन काय? पाहाचं काय आहे तिले?”

“मी सामानाजवळ बसतो ना,” शांताबाई दिवाणावरून म्हणाल्या. “दिसत नाही तं काय झालं? बॅगांले हात लावून बसीन. कोनी उचलली तं समजते मले.”

ही बाई सामान राखायची नोकरी मागत होती. लाटेचा आवाज तरी पुन्हा कानावर पडेल, एवढ्यासाठी. त्या खोलीत हे एकट्या मला कळलं, आणि मी चहाचे कप गोळा करत होते.

“वहिनी, तुमालेच कोनी उचलून नेलं तं?” बाबाराव म्हणाले, आणि खोली हसली. धम्मदीप हसला. माझा नवरा हसला. मी हसले नाही, पण तोंड खाली घातलं, ते हसल्यासारखंच दिसलं असेल. शांताबाई सगळ्यात शेवटी हसल्या, कोण कोण हसतं आहे ते ऐकून घेतल्यावर.

निघायच्या दिवशी शेजारच्या भीमाबाईला सांगून ठेवलं, दोन वेळा डोकावत जा. दारात ऑटो उभे होते, भासरे चिठ्ठ्या तपासत होते. शांताबाई भिंतीला हात लावत दारापर्यंत आल्या आणि त्यांनी माझं नाव घेतलं. मी जवळ गेले. त्यांनी चाचपून माझं मनगट धरलं.

“आता तुले बसवतीन सामानाजवळ.”

“बसवू द्या, बाई.”

“बसशीन तं भिंतीकडं तोंड करून नको बसू. खुर्ची फिरवून घेजो. कोनी काही बोलत नाही, मी उगाच भेत होती.” मग मनगट न सोडताच म्हणाल्या, “आन् समुद्र कसा दिसते ते आल्यावर मले सांगजो. त्या दिवशी तू दोन घंटे होती ना पान्यात, पन मंग सांगितलंच नाही.”

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्या खरंच विचारत होत्या. मी हो म्हटलं आणि मनगट सोडवून घेतलं. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी गोव्याला सुखानं गेले असते.