सर्व्हरच्या खोलीतलं पावणं

ते प्रकरण मला आजही जसंच्या तसं आठवतं, आणि खरं सांगतो, त्यात आठवण्यासारखं काही नव्हतं. खून नाही, दरोडा नाही. पेपरात आलं तेही आतल्या पानावर, चार ओळींत. माझी सगळी नोकरी चोर-दरोडेखोरांच्या मागे पळण्यात गेली आणि निवृत्ती जवळ आली तेव्हा कोल्हापुरात सायबर गुन्ह्यांचं काम माझ्या गळ्यात पडलं. तोवर माझा आणि कंप्युटरचा संबंध म्हणजे मी सांगायचं आणि समोरच्या शिपायानं टाइप करायचं, एवढाच. पण खात्यात हुकूम तो हुकूम.

फिर्याद नेसरीकडच्या एका निवृत्त नर्सबाईंची होती. मोबाईलवर मेसेज आला की वीजबिल थकलंय, आज संध्याकाळी लाइन तोडणार, खालच्या लिंकवर भरा. बाईंचं बिल थकलेलं नव्हतं. पण घरात एकटं राहणारं माणूस अंधाराच्या नुसत्या नावानं घाबरतं. त्यांनी लिंक दाबली, हुबेहूब खऱ्यासारखं पान उघडलं, त्यात खात्याची माहिती भरली आणि खातं साफ झालं. ठाण्यात आल्या तेव्हा रडत नव्हत्या. मी शिकलेली बाई असून असं कसं केलं, एवढंच परत परत म्हणत होत्या.

पूर्वी खबर द्यायला खबऱ्या यायचा. टपरीमागं उभा राहायचा, आधी विडी मागायचा, मग तोंड उघडायचा. इथं खबर म्हणजे एक आकडा. प्रत्येक इंटरनेट कनेक्शनला एक नंबर असतो. ते खोटं पान ज्या कंप्युटरवर ठेवलं होतं, त्याच्या कनेक्शनचा नंबर आमच्या उपनिरीक्षक बाईंनी शोधून काढला. बाई इंजिनिअर, हुशार आणि तोंडानं फटकळ. मी मनात धरून चाललो होतो की पत्ता परदेशातला निघणार आणि फाइल धूळ खात पडणार. ब्रॉडबँड कंपनीचं उत्तर आलं तर पत्ता शाहूपुरीतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

स्पेअर पार्टच्या दुकानावर जिना चढून एक खोली होती. आत तीन कंप्युटर, बाजूचे पत्रे काढून ठेवलेले, त्यांच्यावर रोखलेला टेबल फॅन, कोपऱ्यात इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या आणि भिंतीवर ब्रॉडबँडच्या दोन डब्या लुकलुकत होत्या. टेबलापाशी इस्त्रीचा शर्ट घातलेले साठीकडे झुकलेले गृहस्थ. साध्या कपड्यातला मी पुढे होतो. मला बघून ते गृहस्थ लगबगीनं उठले, खुर्ची पुसली आणि म्हणाले, "या पावणं, बसा." माझ्या मागची खाकी त्यांना नंतर दिसली. पोलीस आल्यावर माणसाचा चेहरा पडतो हे मी आयुष्यभर पाहिलं होतं, पण त्याआधी असा फुललेला कधी पाहिला नव्हता.

धंदा काय, ते त्यांनी नीट समजावून सांगितलं. वेबसाइट म्हणजे शेवटी कुठल्यातरी कंप्युटरवर ठेवलेल्या फायली. तो कंप्युटर रात्रंदिवस सुरू आणि इंटरनेटला जोडलेला पाहिजे, म्हणजे कुणीही कुठूनही ती साइट उघडली की दिसते. त्यालाच सर्व्हर म्हणायचं. मोठ्या कंपन्या हे काम मोठ्या इमारतींत करतात, हे गृहस्थ या खोलीत करायचे. गुळाचे व्यापारी, मंगल कार्यालयं, हातकणंगल्याची एक शेती अवजारांची फर्म, अशी गिऱ्हाइकं होती. एके काळी जिन्यात चपला ठेवायला जागा नसायची म्हणाले. मग जो तो स्वस्त पडतं म्हणून मोठ्या कंपन्यांकडे गेला. काहींनी धंदे बंद केले, पण त्यांच्या साइट यांनी काढल्या नाहीत. असू द्यात, जागा काय कमी हाय, असं त्यांचं म्हणणं.

त्यांची एक रीत मात्र जगावेगळी होती. घरबसल्या गिऱ्हाइकानं फोटो किंवा भाव बदलावेत अशी सोय त्यांनी कुणालाच दिली नव्हती. फोनवरही काम घ्यायचे नाहीत. गिऱ्हाइकानं इथं यायचं, चहा घ्यायचा, त्या खुर्चीत बसून स्वतःच्या डोळ्यांनी काम करून घ्यायचं. आमच्या उपनिरीक्षक बाईंनी डोक्याला हात लावला. गिऱ्हाईक बसायचं ती खुर्ची थेट सर्व्हरसमोर होती, आणि सगळं उघडं टाकून मालक खुशाल खाली पान खायला जायचे. बाई बोलायला लागल्या तसा मी त्यांना खुणेनं गप्प केलं. पत्नी वारलेली, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. माणसांनी जिना चढावा म्हणून त्यांनी तो नियम केला होता, हे कळायला इंजिनिअर असण्याची गरज नव्हती.

खोटं पान सापडलं ते बंद पडलेल्या एका मंगल कार्यालयाच्या साइटच्या पोटात. इथं कोण कोण येतं, असं मी विचारलं. मालक म्हणाले, आता कुणीच येत न्हाय. दोन पंच बसवून पंचनामा सुरू केला. मशीन सील करायला घेतली तेवढ्यात खालच्या हॉटेलवाले आजोबा किटली घेऊन वर आले. आमच्याकडे बघत बघतच त्यांनी एक ग्लास मालकांपुढे ठेवला, दुसरा खिडकीजवळच्या स्टुलावर, आणि निघून गेले. स्टुलावर कुणी नव्हतं. मालकांनी मान खाली घातली.

नोकरीत एक गोष्ट शिकलो होतो. माणूस खोटं बोलतो, त्याच्या शेजाऱ्यांच्या सवयी खोटं बोलत नाहीत. मी खाली गेलो, हॉटेलात बसलो आणि आजोबांना सहज विचारलं. ते म्हणाले, "मालक आन पावणं, रोजचं दोन की. पावणं न्हाय आलं तर मालक च्या बी घेत न्हाईत." पावणं म्हणजे तिशीतला एक तरुण. वर्ष होऊन गेलं असेल, दुपारी येतोय, डबा दोघं मिळून खातात. नाव काय, तर ते आजोबांना ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी मालक त्याला पावणं म्हणाले, तेच कायम झालं. उचगावातल्या एका मोबाईलच्या दुकानाचा शर्ट घालतो, एवढं मात्र त्यांनी पाहिलं होतं.

त्याला दुकानातूनच उचलला. पोरगा लांबच्या जिल्ह्यातला, उचगावात खोली करून एकटाच राहणारा. तपासात असली माणसं आधी उड्या मारतात, मग रडतात, मग आईची शपथ घेतात. यानं त्यातलं काही केलं नाही. पान मीच टाकलं, मालकांना काही माहीत नव्हतं, एवढं त्यानं सरळ सांगितलं. दुसऱ्याच्या नावाचं सिमकार्ड आणि मोबाईल आधीच पंचगंगेत टाकला होता. पण पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, हे पोलीस होऊ घातलेल्या उमेदवारालाही माहीत असतं. पुरावा पाहिजे होता, आणि तो एकाच माणसाकडे होता.

त्याचं कारण असं. सर्व्हरमध्ये शिरायची चोरवाट ही त्या खोलीत, त्या खुर्चीत बसूनच तयार केलेली होती. एवढं मशीनवरून सिद्ध होत होतं. खुर्चीत कोण बसलं होतं, हे सांगणारे फक्त मालक. त्यांनी पाहुण्याचं नाव घेतलं नाही तर खोली त्यांची, कनेक्शन त्यांचं, मशीन त्यांचं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं ते स्वतः आरोपी होणार होते, आणि मला ते टाळता येणार नव्हतं.

त्यांना ठाण्यात बोलावून मी हे सगळं स्वच्छ सांगितलं. नर्सबाईंचंही सांगितलं. ते ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, बघू की साहेब. पालथ्या घड्यावर पाणी. समोरच्या टेबलावर त्यांचा मोबाईल ठेवलेला असायचा. मशीन आमच्या ताब्यात, म्हणजे त्यांच्याकडच्या सगळ्या साइट एकदम बंद पडल्या होत्या. मला वाटलं होतं, आता गावातून बोंब उठणार, फोन घेऊन घेऊन माणूस दमणार. ते सारखे मोबाईलकडे बघायचे. एकाही गिऱ्हाइकाचा फोन आला नाही. शेवटी मीच ठाणे अंमलदाराला सांगितलं की उद्यापासून यांचा मोबाईल बाहेर ठेवून घेत जा. ते बघणं मला सोसवेना.

मधल्या काळात उपनिरीक्षक बाईंचा अहवाल आला. त्यात एक गोष्ट होती जी केसला उपयोगाची नव्हती. पहिल्या आठवड्यात चोरवाट तयार झाली आणि त्यानंतरचं सगळं काम पोरानं बाहेरून, मोबाईलवरून केलं होतं. म्हणजे पुढे त्या खोलीत पाऊल टाकायची त्याला गरज नव्हती. उलट रोज जाणं म्हणजे रोज ओळख पटवून देणं. असल्या कामातला माणूस पुन्हा त्या गल्लीत फिरकत नाही.

मी त्याला कोठडीतून बाहेर काढून विचारलं, मग तू रोज जात कशाला होतास? तोवर प्रत्येक प्रश्नाला फटाफट उत्तर देणारा तो गडी तिथं अडकला. मग म्हणाला, "ते मला विचारायचे, जेवलास का म्हणून. इकडं आल्यापासून दुसरं कुणी विचारलं नाही." तेवढं बोलून रडायला लागला. मला राग आला, खोटं कशाला बोलू. ज्यांनी ताटातलं दिलं, त्यांच्याच घरात घाण करून हा वर रडतोय. त्याला परत आत पाठवला तरी डोक्यातला तो राग उतरायला वेळ लागला. रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं, त्याचं मात्र मला नाव घेता येईना.

त्यानंतर मालकांना पुन्हा बोलावलं. या खेपेस तेच आधी बोलले. "साहेब, मला एकच खरं सांगा. ते पोरगं मशिनसाठी येत होतं का?"

आमच्या धंद्यात अशा वेळी काय करायचं हे शिकवावं लागत नाही. दुखावलेला माणूस लगेच बोलतो. व्हय मालक, मशिनसाठीच येत होता, तुमच्या तोंडावर हसत होता, एवढं म्हटलं असतं तर जबाब पाच मिनिटांत झाला असता आणि केस उभी राहिली असती. खरं सांगितलं तर माया आणखी दाटेल, माणूस कायमचा गप्प बसेल, स्वतः आत जाईल आणि नर्सबाईंना न्याय मिळणार नाही. मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसलो आणि खरं तेच सांगितलं. पहिल्या आठवड्यानंतर त्याला यायची गरज नव्हती. तरी तो वर्षभर आला. जेवलास का असं तुम्ही विचारत होता, म्हणून आला.

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "मग लिवून घ्या. त्योच बसलता त्या खुर्चीत. समदं सांगतो."

मी चाट पडलो. मला वाटत होतं की ते पोराला वाचवण्यासाठी गप्प आहेत. तसं नव्हतंच. नाव घेतलं की तपास होणार, तपास झाला की तो कशासाठी येत होता ते बाहेर पडणार, आणि ते कळण्यापेक्षा त्यांना तुरुंग परवडत होता. आपल्यासाठी म्हणून आपल्याकडे कुणीच आलं नाही, हे एकदा कळलं की पुन्हा विसरता येत नाही. आता ती भीती गेली होती. त्यांनी पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलं, नर्सबाईंची चौकशी केली, आणि त्या बाईंपुढे उभं राहायची आपल्याला लाज वाटेल असंही म्हणाले. जबाब वाचून दाखवला, बरोबर हाय म्हणाले.

उठले तेव्हा मी सुटकेचा श्वास घेतला. ते दारापर्यंत गेले आणि परत वळले. जामिनाला काय काय कागद लागतात, असं विचारलं. मी म्हणालो, तुम्हाला जामीन कशाला, तुम्ही आता साक्षीदार आहात.

"माझ्यासाठी न्हाय साहेब. त्याच्यासाठी. केलंय त्याची शिक्षा त्यानं भोगावी, मी साक्ष फिरवणार न्हाय. पर तोवर जामीन ऱ्हायला माणूस लागतंय म्हणत्यात. त्याचं हितं कोण हाय?"

सरकारी साक्षीदारच आरोपीला जामीन राहतो म्हणतोय, असं मी सबंध नोकरीत ऐकलं नव्हतं. सरकारी वकील कपाळ बडवून घेतील, असं मी त्यांना सांगितलं. ते नुसते हसले. पुढे त्यांनी घरफाळ्याची, म्हणजे घरपट्टीची, पावती आणून जामीन दिला, आणि कोर्टात उभं राहून पोराच्या तोंडावर खरी साक्षही दिली. आरोपी तुमचा कोण, असं वकिलांनी खोचून विचारलं तेव्हा मित्र म्हणाले. पोराला शिक्षा झाली. नर्सबाईंचं गेलेलं सगळं परत आलं नाही, थोडं आलं.

या केसनं काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. गुन्हा का केला हे आपण प्रत्येकाला विचारतो, जेवलास का म्हणून त्याला कोण विचारतं हेही विचारावं, असं मी त्यांना सांगतो. ते वहीत लिहून घेतात. पण मी स्वतः जे शिकलो ते त्यांना सांगत नाही. जबाब झाला त्या संध्याकाळी मालक निघून गेल्यावर मी ठाण्यात एकटाच बसलो होतो, आणि उगीच मनात आलं की उद्या वेळ आली तर माझ्यासाठी जामीन राहायला कोण येईल. माझे हुकूम पाळणारी माणसं वगळली, आणि माझ्याकडे काम असलेली माणसं वगळली. मग कुणीच उरलं नाही. आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, मी अजूनही अधूनमधून तो विचार करतो, आणि अजून कुणाचं नाव आठवलेलं नाही.