फुंकरसाहेब

'समजतंय मला' म्हणजे 'हो', असं मी एकदा धरून चालले. तेव्हा मी पंचेचाळिशी ओलांडलेली, पदरात दोन मुलगे, टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पहिल्या फटक्यात पास, आणि अक्कल चिमूटभर. ती चिमूटसुद्धा ऑफिसात जाताना घरी डब्यात ठेवून जायची, वाटेत सांडू नये म्हणून.

आमच्या भागात उत्तरं दोनच. व्हय, नाहीतर नाय. मासळीवालीला विचारा, भात कापायला येणाऱ्या गड्याला विचारा, ह्यातलंच एक मिळेल. तिसरं उत्तर आमच्या मातीत पिकत नाही. ते घाटावरून आलं, आणि घेऊन आले ते आमचे साहेब.

रोह्याला कापडाच्या रंगाची पावडर करणारी एक कंपनी होती. मी पेणहून कंपनीच्या बसने जायची आणि साहेबांच्या केबिनमध्ये कोपऱ्यातल्या टेबलाशी टाइप करायची. साहेब पर्सोनेल ऑफिसर. आता त्याला एचआर म्हणतात, काम तेच. माणसं ठेवायची, माणसं काढायची, आणि दोन्ही वेळी चहा मागवायचा.

तुम्ही नोकरी केली असेल तर असा एक तुम्हीही पाहिला असेल. आमचा कसा होता ते सांगते, तुमच्या साहेबाशी ताडून बघा. समोर कुणी गाऱ्हाणं घेऊन उभं राहिलं की साहेब आधी हातातलं पेन खाली ठेवायचे. मग चष्मा काढायचे. मग उजवा हात छातीवर, बरोबर खिशावर. मान जराशी कलती करून म्हणायचे, "समजतंय मला." आणि डोळे ओले व्हायचे. खोटं कशाला सांगू, खरंच व्हायचे. माझ्या टेबलावरून स्वच्छ दिसायचं.

कंपनीने वाटेतल्या गडब गावाला थांबणारी बस बंद केली तेव्हा तिकडची सगळी माणसं चिडून आत आली होती. दार आपटून आली. अर्ध्या तासाने बाहेर पडली ती एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून. साहेबांनी प्रत्येकाला घरून निघायला किती वाजतात, म्हातारी आई कोण बघतं, पावसात चप्पल कशी तुटते, सगळं विचारलं होतं. बस मात्र गडबला पुन्हा थांबली नाही. आमच्याकडे असंच व्हायचं. मोर्चा आत जायचा आणि सत्संग बाहेर यायचा.

लोडिंगवाल्या पोरांनी त्यांचं नाव फुंकरसाहेब ठेवलं. लागलेल्यावर फुंकर घालायची, मलम कपाटात आणि किल्ली खिशात. हे नाव ऐकून मी पोरांवर डाफरले होते. मी भक्त ना! घरी आरशासमोर उभी राहून मीही छातीवर हात ठेवून मान कलती करून बघायची. माझी मान कलती झाली की मी उसण भरल्यासारखी दिसायची, त्यामुळे तो प्रयोग फार चालला नाही.

माझे यजमान पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायचे. साहेबांच्या ओल्या डोळ्यांचं मी जेवताना वर्णन केलं की भाकरी मोडत म्हणायचे, "डोळ्याला वार्निशचा एक हात मारला की कुठलीही मूर्ती रडवेली दिसते. त्यात काय मोठंसं." मी त्यांना अरसिक ठरवलं होतं.

दरवर्षी कंपनी साहेबांना लोणावळ्याला शिबिराला पाठवायची. तिथून ते काहीतरी नवीन शिकून यायचे आणि पुढचे दोन महिने ते आमच्यावर चालायचं. एका वर्षी शिकून आले की समोरचा जसा बसेल तसं बसायचं, तो जे करील ते हळूच करायचं, म्हणजे त्याला आपण त्याच्यातले वाटतो. नेमका त्याच आठवड्यात लोडिंगचा एक गडी आला. पिवळ्या पावडरीने त्याच्या मानेला खाज सुटली होती, काम बदलून मागत होता. तो मान खाजवायला लागला. साहेबांनी मान खाजवली. त्याने काख खाजवली. साहेब क्षणभर थबकले, पण शिस्तीचा माणूस, त्यांनीही खाजवली. गडी कळवळला. स्वतःचं गाऱ्हाणं विसरून म्हणाला, "साहेब, तुम्हाला पण लागली काय पावडर? कडुलिंबाच्या पाण्यानं धुवा, आराम पडंल." आणि काम न बदलताच निघून गेला. साहेबांनी मला वळून सांगितलं, बघितलंत, किती छान संवाद झाला. मी मान डोलावली. हसू आलं नाही हो मला. आज ते आठवून एकटीच हसते तेव्हा घरातले काळजीने बघतात.

आता माझा पराक्रम ऐका.

पॅकिंगला सुगंधा नावाची बाई होती. खाडीकडच्या गावातली, नवरा मिठागरावर. पाच-सहा वर्षं टेम्पररी म्हणून पावडरीची पोती शिवत होती. संध्याकाळी बसमध्ये बसली की तिचे तळवे कधी जांभळे, कधी हळदीचे. त्या दिवाळीला पॅकिंगच्या तीन बायका पर्मनंट व्हायच्या होत्या आणि त्यात तिचं नाव धरलं होतं. अट एकच, मोठी ऑर्डर निघेपर्यंत एकही दांडी नाही.

आणि त्याच वर्षी गौर पूर्वा नक्षत्रात आली. आमच्याकडच्या बायकांना ह्याचा अर्थ सांगावा लागत नाही, इतरांसाठी सांगते. नव्या सुनेचा पहिला ओवसा तेव्हाच होतो. माहेरून सुपं जातात, ती घेऊन सून गौरीपुढे ओवसते, म्हणजे सुपांनी गौरीला ओवाळते. गौर पूर्वात आली नाही की ओवसा लांबतो, आणि तोवर सासू येता-जाता ऐकवते. सुगंधाच्या लेकीने असं एक वर्ष ऐकून काढलं होतं. सुपं आईने न्यायची होती, कारण माहेरी दुसरं बाईमाणूस नव्हतं.

सुगंधा दोन दिवसांची रजा मागायला केबिनमध्ये आली. पेन खाली, चष्मा बाजूला, हात छातीवर. साहेबांनी लेकीचं नाव विचारलं, सासर कुठलं विचारलं, सुपात काय काय घालतात ते विचारलं. मग म्हणाले, "सुगंधाताई, आईचं काळीज आहे. समजतंय मला."

ती बाहेर आली आणि माझ्यामागोमाग पाण्याच्या पिंपाशी आली. कंपनीत ती मला बाई म्हणायची.

"बाई, साहेब व्हय म्हणलं का नाय म्हणलं? मला काय उमगलं नाय."

बघा, तिला बरोबर शंका आली होती. त्या क्षणी मीही 'मला पण नाही उमगलं' एवढं म्हणाले असते तर आज लिहायला काही उरलं नसतं. पण मी साहेबांच्या केबिनमध्ये बसणारी, मला न उमगून कसं चालेल? मी तिला जरा हसूनच सांगितलं की अगं, माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणखी काय लेखी पाहिजे? जा तू खुशाल.

ती खुशाल गेली. लेकीचा ओवसा झाला. तिसऱ्या दिवशी परत आली तर गेटवरच्या माणसाने आत सोडलं नाही, आधी साहेबांना भेट म्हणाला.

मी खाली मान घालून टाइप करत होते, पण एक शब्द सुटला नाही. साहेबांनी तिला खुर्ची दिली. ओवसा कसा झाला ते विचारलं. लेक हसली का, सासू काय म्हणाली, सगळं ऐकून घेतलं. ती खुलून सांगत होती. मग त्यांनी चष्मा काढला आणि सांगितलं की ताई, नियमापुढे मीही लहान माणूस, ऑर्डरच्या दिवसांत दोन दांड्या झाल्या, आता पर्मनंटचं जमणार नाही, टेम्पररीच्या कामातही ब्रेक द्यावा लागेल. तुम्हाला काय वाटत असेल, समजतंय मला. सुगंधा उठली. तिने दोन्ही हात जोडले आणि त्यांचे आभार मानले. अजून माझ्या डोळ्यांपुढून ते जात नाही. माणसाची नोकरी घ्यायची आणि वर त्याच्याकडून आभारही घ्यायचे, ह्याला केवढी हातोटी लागत असेल.

ती गेल्यावर मी धीर केला. साहेबांपुढे जाऊन उभी राहिले आणि सांगितलं की तिची चूक नाही, जा म्हणून मीच सांगितलं होतं, तिला परत घ्या.

पेन खाली ठेवलं गेलं.

"किती अपराधी वाटत असेल तुम्हाला," ते म्हणाले. "गेले दोन दिवस हे ओझं एकटीनं वाहिलंत."

झालं. मला रडू फुटलं. वास्तविक मी कसलंच ओझं वाहिलं नव्हतं, दोन दिवस गौरीच्या भाकऱ्या खाऊन झोपले होते. पण त्यांनी म्हटल्यावर मला ते ओझं जाणवायला लागलं. त्यांनी चहा मागवला. माझ्या घरचं विचारलं, पाठदुखीचं विचारलं, मुलांचं विचारलं. मी चहा प्यायले, नाक पुसलं, आणि इतकी हलकी होऊन बाहेर पडले की बसमध्ये गाणं गुणगुणत होते.

रात्री यजमानांना सगळं सांगितलं. साहेब कसे देवमाणूस आहेत, चूक कबूल केली तरी एक शब्द बोलले नाहीत. यजमानांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तिला परत घेतलं?"

ते विचारायचंच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी विचारीन म्हटलं, तर साहेब लोणावळ्याला. ते परत येईपर्यंत तिच्या जागी दुसरी बाई पोती शिवायला लागली होती. त्यानंतर मी एकदा विषय काढला. समजतंय, म्हणाले. ह्या खेपेला मलाही समजलं.

मग मात्र माझी भक्ती ओसरली आणि मी त्यांच्याकडे नीट बघायला लागले. एका दुपारी त्यांच्या मुलाचा फोन आला. मुलगा पुण्याला शिकत होता, त्याने कॉलेज सोडलं होतं आणि घरी लपवलं होतं. साहेबांनी सगळं ऐकलं आणि त्यालाही तेच म्हणाले, समजतंय मला तुला काय वाटतंय. पलीकडून मुलगा एवढ्या मोठ्याने बोलला की माझ्या कोपऱ्यापर्यंत ऐकू आलं: "बाबा, एकदा तरी ओरडा ना माझ्यावर." आणि फोन कट झाला. साहेब रिसीव्हर धरून बसले. दुसरा हात छातीवर होता, समोर बघायला कुणी नसताना. ह्या माणसाकडे घरी न्यायलासुद्धा दुसरी भाषा नाही, हे मला तेव्हा कळलं. दया आली मला त्यांची. आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग आला, कारण नोकरी गेल्यावर सुगंधाचं कसं चाललं असेल, ह्या विचारासाठी मी एवढंही थांबले नव्हते.

साहेब पुढे मॅनेजर झाले, मग मुंबईला हेड ऑफिसात गेले. निरोपाच्या दिवशी ज्यांचं काहीच काम झालं नव्हतं ती सगळी माणसं रडली. त्यांच्या खुर्चीवर आलेला माणूस तोंडाचा फटकळ होता. नाय म्हणायचा तो. पोरं त्याला शिव्या द्यायची, पण नाय ऐकून निदान दुसरीकडे धडपड करायला मोकळी व्हायची. तो काही वर चढला नाही, रोह्यातूनच रिटायर झाला. वर जायला नाय म्हणून चालत नाही, एवढं नोकरीत मला उमगलं.

माझी नात आता रोह्यालाच एका कंपनीच्या एचआरमध्ये आहे. परवा तिने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. भावनिक बुद्धिमत्ता आणि नोकरीतलं यश, असं काहीसं भाषण. व्यासपीठावर आमचे साहेब, केस पांढरे, हात खिशावर. समोरची पोरंपोरी वह्या उघडून बसलेली. नात म्हणाली, आजी, तू ह्यांच्या हाताखाली काम केलंस? किती लकी गं. मी म्हटलं, हो ना, आणि तिला चहा टाकायला पाठवलं.

सुगंधाकडे मी गेले होते, पण लगेच नाही. तोंड दाखवायची छाती होईपर्यंत वैशाख उजाडला. ती मिठागरावर जायला लागली होती, कंपनीचं काम पुन्हा तिला मिळालं नाही ते नाहीच. मी इस्त्रीची साडी नेसून, पोह्याच्या पापडांचं पुडकं घेऊन गेले. त्या बाजूला उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो. तो नुकताच येऊन गेला होता आणि सुगंधा डोक्यावर दोन हंडे घेऊन बांधावरून घरी येत होती. मी तिला दारातच गाठलं. बसमध्ये घोकलेलं सगळं म्हणून दाखवायला लागले. माझ्यामुळे तुझं नुकसान झालं, तुला काय वाटलं असेल ह्याचा विचार करून मला झोप लागत नाही (झोप उत्तम लागत होती), तुझ्या डोळ्याला डोळा भिडवायची लाज वाटते, किती वाईट वाटतंय ते कसं सांगू. मी पदर डोळ्याला लावला. सुगंधा उंबऱ्याशी तशीच उभी, पाणी तिच्या कानामागून ओघळत होतं. माझं संपायची तिने बराच वेळ वाट पाहिली. मग म्हणाली:

"तुझं वाईट वाटून झालं काय गो? झालं असंल तर वरचा हंडा उतरव. मान मोडाया आली माझी."