पाटीला पाय

पंचेचाळिशीत पीएच.डी. करायला घेणारी बाई घरात कुणालाच सोयीची नसते. मी देऊळगाव राजाला एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवते. संशोधनासाठी मी विषय घेतला खेळणाऱ्या आणि न खेळणाऱ्या मुलांची शारीरिक कौशल्यं: तोल, झेप, चेंडू झेलणं, वळून धावणं. नवरा म्हणाला, खेळणारी मुलं चांगली पळतात हे सांगायला तीन वर्षं कशाला पाहिजेत? मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. थट्टा मला दुसऱ्याची केलेलीच आवडते.

चाचण्यांसाठी मी अमडापूरच्या पुढची एक छोटी जिल्हा परिषद शाळा निवडली, कारण तिथले मुख्याध्यापक खो-खोचे वेडे होते. सातवीपर्यंतच्या शाळेत त्यांनी असा संघ तयार केला होता की तालुक्याला त्याचा धाक होता. संघातली सर्वांत चपळ खेळाडू होती सहावीतली एक मुलगी. दोन वेण्या, लाल रिबिनी आणि पायात कधीच चप्पल नाही.

चाचणीच्या दिवशी मुख्याध्यापकांना चिखलीला मीटिंग होती. त्यांनी मला घरून चहा पाठवला आणि मैदान मोकळं ठेवलं. सकाळच्याच सरावासाठी फक्कीनं आखलेलं मैदान पांढरंशुभ्र दिसत होतं. तोलाच्या चाचणीला मला एक लांब सरळ रेघ हवी होती. दोन खांबांच्या दरम्यान खो-खोची मधली पाटी, दोन समांतर रेघांचा अरुंद पट्टा, आखलेली होतीच. तिचीच एक रेघ वापरायची ठरवली आणि वाकून फक्की टाकण्यातून माझी कंबर वाचली. हुशारीबद्दल मी स्वतःचीच पाठ थोपटली.

चाचणी सोपी होती. एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचा अंगठा चिकटवत उलटं, मागं मागं दहा पावलं जायचं. रेघेवर पडलेल्या प्रत्येक पावलाला एक गुण. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं की सूचना एकदाच द्यावी, नंतर बोलू नये, खुणावू नये. म्हणून रेघेरेघेनं मागं जायचं, एवढंच मी एकदा सांगितलं. पुस्तकात लिहिलेलं मी घरच्या औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा तंतोतंत पाळते.

मुलं एकेक करून आली. न खेळणारी मुलं डुलत, हेलपाटत का होईना, रेघेवरून गेली. संघातली मुलं मात्र रेघेच्या शेजारून चालली, चार बोटं अंतर ठेवून. लाल रिबिनवाली तर इतकी सरळ मागं गेली की मी पट्टी लावली असती तरी पाऊल इकडचं तिकडं निघालं नसतं. पण रेघेवर तिचा एकही पाय पडला नव्हता. मी कागदावर शून्य लिहिलं. ती माझ्याकडे पाहून मनापासून हसली आणि उड्या मारत रांगेत गेली. शून्यावर इतकं खूश होणारं लेकरू मी पहिल्यांदाच पाहत होते, तरी मी तोंड उघडलं नाही.

घरी येऊन गुण मांडले आणि माझा विश्वास बसेना. खो-खो खेळणाऱ्यांचा तोल न खेळणाऱ्यांपेक्षा वाईट! मी मार्गदर्शकांना फोन केला. एरवी हूं हूं करणारे ते गृहस्थ चक्क उठून बसल्याचं मला आवाजावरून कळलं. असं आजवर कुणी मांडलेलं नाही, लगेच लिहायला घ्या, म्हणाले. नवऱ्याला मी जेवताना ऐकवलं की बघ, यासाठी तीन वर्षं लागतात. त्या आठवड्यात माझा पाय जमिनीवर नव्हता, आणि त्याच तोऱ्यात मी निकालाची एक प्रत शाळेला पाठवून दिली.

पुढच्या सोमवारी उरलेल्या चाचण्यांना गेले तेव्हा मैदानावर सराव चालू होता आणि लाल रिबिनवाली कडुनिंबाखाली बसून इतरांच्या चपला सांभाळत होती. मी मुख्याध्यापकांना विचारलं. त्यांनी माझाच कागद कपाटातून काढून समोर ठेवला. तालुक्याचे सामने आठ दिवसांवर आले होते आणि तिचा तोल शून्य म्हटल्यावर तिला उतरवायची त्यांची हिंमत होत नव्हती. छापील कागदावर त्यांची फार श्रद्धा. शिवाय मुलीची आई घाबरली होती. पोरीच्या पायात काही दोष आहे का, बुलडाण्याला डॉक्टरला दाखवावं लागेल का, हे तिला मॅडमलाच विचारायचं होतं.

शाळा सुटल्यावर मी मुलीबरोबर तिच्या घरी निघाले. वाट शेतातून होती. हरभऱ्याला तुषार चालू होते, वाफ्यांत चिखल आणि चालायला फक्त धुरा, जेमतेम वीतभर रुंद बांध. ती पुढं, मी मागं. मी दोन्ही हात पसरून जीव मुठीत धरून चालत होते. ती माझ्याशी बोलायला म्हणून वळली आणि तशीच उलटी चालायला लागली. मागं न बघता, पाठीवर दप्तर घेऊन, टाचेमागं टाच टाकत. तिच्या गायीला कालवड झाली होती, त्याची हकिकत तिला सांगायची होती.

मी पाहतच राहिले आणि त्या नादात माझा पाय घसरला. एक चप्पल हरभऱ्यात रुतली. तिनं मला ओढून वर घेतलं.

मग मी, पुस्तक बाजूला ठेवून, पहिल्यांदा विचारलं की एवढं येतं तर त्या दिवशी रेघेवर पाय का ठेवला नाहीस?

"मॅडम, ते तं मधली पाटी होती," ती म्हणाली. "खो देणाऱ्याचा पाटीले पाय लागला का फाऊल. सर दोन चक्कर मारायले लावतात. मले वाटलं, पाटीले पाय कोन लावते तेच तुम्ही पाहून राह्यल्या."

"मग सांगितलं काऊन नाही?" मीही नकळत तिच्याच बोलीत आले.

"तुम्ही इचारलंच नाही."

म्हणजे तिच्या हिशेबानं तिला दहापैकी दहा मिळाले होते. म्हणून ते हसू. मला इतकी लाज वाटली की चिखलातली चप्पल हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. माझा सगळा नवा शोध म्हणजे माझ्या कंबरेचा आळस होता.

तिची आई अंगणात तुरी पाखडत होती. सूप खाली ठेवून तिनं आधी पोरीच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हिच्या पायाले काई नाही न, मॅडम?"

मी म्हटलं, तिच्या पायाला काही नाही, दोष माझ्या डोक्यात होता. आई आधी गोंधळली, मग सगळं ऐकून पदर तोंडाला लावून हसली. मला चिखलाचे पाय धुवायला पाणी दिलं, आणि वर गुळाचा चहा. तो चहा घेताना मला रडू आलं, हेही सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक म्हणाले, पहिलं लेखी आहे, तर दुसरंही लेखी द्या. मी लिहून दिलं की चूक चाचणी घेणारीची आहे. त्यांनी ते परिपाठात सगळ्या शाळेसमोर वाचून दाखवलं, अगदी माझ्या सहीसकट. मार्गदर्शक फोनवर पुन्हा हूं हूं करू लागले आणि चाचणी परत घ्या म्हणाले. मी भिंतीलगत, मैदानापासून लांब, गेरूनं नवी रेघ आखली. या वेळी कंबर वाचवली नाही. खेळणारी मुलं पुढं निघाली. मोठा शोध गेला, नवरा जिंकला आणि त्यानं ते महिनाभर साजरं केलं. लाल रिबिनवालीला दहा मिळाले.

तालुक्याच्या सामन्याला मी रजा टाकून गेले. ती पळती करायला, म्हणजे पाठलाग चुकवत टिकायला, उतरण्याआधी माझ्याकडे धावत आली आणि म्हणाली, "माहा टाइम तुम्हीच घ्या." मी स्टॉपवॉच सरसावून कडेला उभी राहिले.

ती पळत होती की नुसती हुलकावणी देत होती, ते मला सांगता येणार नाही. खांबाशी गिरकी घेतली, पाठलाग करणारीच्या हाताखालून निसटली, दोघींच्या मधून वाकून गेली. मी ओरडले, शिट्ट्या मारल्या, शेजारच्या अनोळखी गुरुजींचा हात गच्च धरला. शेवटी बाद झाली तेव्हा सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं. ती धापा टाकत थेट माझ्याकडे आली आणि किती झाला म्हणून विचारलं.

मी हातातलं स्टॉपवॉच पाहिलं. बटण दाबायचंच राहून गेलं होतं.

तिनं माझ्या मुठीवर वाकून आकडा वाचला आणि कमरेवर हात ठेवले.

"मॅडम, पुन्हा शून्यच दिलं का मले?"