चौदा अधिक एक

अठ्ठेचाळीसच्या थंडीत आमची प्लाटून काश्मीरमधल्या एका पिकेटवर, म्हणजे पुढच्या चौकीवर होती. आता मी कोल्हापुरात कॉलेजला आहे. घरातून इथवर आलेला मी पहिलाच, लिहायचा सराव नाही. घडलं तेवढं सांगतो.

पिकेटवर एक कॅमेरा होता. तो नाईक शिवरामकडे असायचा. त्याचं गाव गारगोटीजवळ; भरतीपूर्वी कोल्हापुरात एका स्टुडिओत कामाला होता. कॅमेऱ्याची आकडे दाखवणारी चकती मोडली होती, म्हणून फोटो तोंडाने मोजायचे. अर्धवट रोल काढताना शिवराम कॅमेरा कानाला लावून आवाजाच्या अंदाजाने तो उलटा गुंडाळायचा, टोक बाहेर असतानाच थांबायचा आणि टोकावर झालेल्या फोटोंचा आकडा लिहायचा. तोच रोल पुन्हा घातला की लेन्सला टोपी लावून, रोल पुढे सरकवत तितक्या वेळा कळ दाबायची, आणि खात्रीला वर एकदा. कमी दाबली तर नवा फोटो जुन्यावर बसतो. दोन्ही जातात.

आमच्या अर्ध्या रोलवर १४ लिहिलं होतं. तेरा फोटो जवानांचे. चौदावा शिवरामचा, मी काढलेला. स्टुडिओत काम करूनही त्याचा दुसरा फोटो नव्हता.

कळ दाबल्यावर तो म्हणाला होता, "बोट आलं की रं लेन्सवर. आई म्हणंल, ल्योक अर्धाच धाडला फौजेनं."

त्या सकाळी ०७३० ला वायरलेसवर कॅप्टनसाहेबांची ऑर्डर आली. समोरच्या बंकरांचे फोटो हवेत. आठनंतर ऊन लेन्समध्ये येणार होतं. नवे रोल संपले होते. शिवरामने अर्धा रोल घातला आणि मोजू लागला.

०७४० ला मॉर्टरचा गोळा पडला. शिवरामच्या पोटात तुकडा गेला. मी फील्ड ड्रेसिंग बांधली. त्याने कॅमेरा माझ्याकडे सरकवला.

"अकरा झाल्यात. चार ऱ्हायल्यात. टोपी काढू नगंस."

"व्हय."

वायरलेसचा सेट वाजला, कॅप्टनसाहेब होते. "फोटो झाले? ओव्हर."

"नाही सर. रोल पुढे घेतोय. चार राहिलेत. ओव्हर."

"मोजणी सोड. आत्ता घे. ओव्हर."

"नाही सर. ओव्हर."

बारा. तेरा. चौदा. पंधरा. मग टोपी काढली, खंदकातून डोकं वर काढलं आणि बंकरांचे सहा फोटो घेतले. ०७५२ झाले होते. खाली वळलो तेव्हा शिवराम गेला होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "ऑर्डर मोडलीस. पुन्हा मोडशील?"

"होय सर."

सात दिवस पिठ्ठू मिळाला, म्हणजे पाठीवर भरलेलं ओझं घेऊन पळायचं. पळालो. पुढे रोल धुऊन आल्यावर आमच्या फोटोंच्या निगेटिव्हची पट्टी साहेबांनी स्वतः माझ्या हातात ठेवली.

सुट्टीत कोल्हापुरात चौदाव्या फोटोची प्रिंट काढायला दिली. स्टुडिओवाला म्हणाला, "पावणं, कोपऱ्यात बोट आलंय. कापू काय?"

"न्हाय. ऱ्हाऊ दे."

प्रिंट गावी शिवरामच्या आईला नेऊन दिली. पट्टी त्यांनी मला ठेवायला सांगितली. अजून माझ्या ट्रंकेत आहे. चौदाव्या फोटोनंतर एक फ्रेम कोरी आहे. शिवरामची मोजणी चुकली नव्हती.