वातीचा पूल

पेठ वडगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत श्रेणिक चौगुले सव्वीस वर्षं परिचर आहे. परिचर म्हणजे नळ्या धुणारा, असा ज्यांचा समज असेल त्यांनी एकदा त्याच्या टेबलाशी उभं राहून बघावं. कोणत्या बाटलीत काय आहे, हे तो चिठ्ठी न वाचता सांगतो. सर बदलले, प्राचार्य बदलले, पण श्रेणिकनं मांडलेला प्रयोग फसला, असं कुणी कधी म्हटलं नाही. त्याचा त्याला भारी अभिमान. यंदा फेब्रुवारीत, बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी, तो अभिमान धुळीला मिळायची वेळ आली. आणि दोष सर्वस्वी त्याचाच होता.

झालं असं. परीक्षेला विद्युतघट मांडायचे होते. एका पेल्यात जस्ताची पट्टी, दुसऱ्यात तांब्याची, आणि दोन्ही पेल्यांतली द्रावणं जोडायला मधे सॉल्ट ब्रिज, म्हणजे मिठाचा पूल. नव्या भाग्यश्री मॅडमनी आदल्या दिवशी त्याला एक पुडी दिली. ही पूड सोरा नावाच्या क्षाराच्या पाण्यात शिजवून वाकड्या नळ्यांत भरायची, गार झाली की तिची जेली होते, असं त्यांनी सांगितलं. जेली म्हटल्यावर श्रेणिकच्या अंगावर काटा आला. जेली हाडांपासून करतात, हे त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. सूर्य मावळायच्या आत जेवणारा जैन माणूस, तो हाडं शिजवेल होय? पण मॅडमना तोंडावर नाही कसं म्हणायचं? "व्हय व्हय, करतो की," म्हणाला, पुडी कपाटात ठेवली आणि सरळ घरी गेला.

सकाळी आठला मॅडमना नळ्या रिकाम्या दिसल्या.

"काका, हे काय? नऊला परीक्षक येतील!"

श्रेणिकनं मान खाली घालून खरं ते सांगितलं. मॅडमना हसावं की रडावं कळेना. "अहो, समुद्रातल्या शेवाळाची असते ती! हाडांचा काय संबंध?"

आता शेवाळ असो नाहीतर सोनं, शिजवून गार व्हायला वेळ उरला नव्हता. फिल्टर पेपरच्या पट्ट्यांवर भागलं असतं, तर तोही संपलेला. मॅडमची नोकरीतली ही पहिलीच परीक्षा. त्यांचे डोळे भरून आले आणि श्रेणिकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाणी शोषून धरणारं काहीतरी हवं होतं. वातीतनं तेल चढतंय, मग सोऱ्याचं पाणी का न्हाय चढायचं? त्यानं तडक गाडीला किक मारली.

घरी त्याची आई सीताबाई बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, नंदादीपासाठी वाती वळत बसली होती.

"आई, लांब वाती दे. तेल न लागलेल्या."

"कशाला?"

"खारट पाण्यात बुडवायच्यात."

"डोकं फिरलंय व्हय तुझं? देवाच्या वाती हायती त्या!"

"पोरांची परीक्षा हाय. चूक माझी हाय, आई."

सीताबाईनं लेकाच्या तोंडाकडं पाहिलं आणि अख्खी पुरचुंडी त्याच्या हातात दिली. "जा. देवाला मी सांगते. दुसऱ्या वळीन."

सोऱ्याच्या पाण्यात भिजलेली पहिली वात त्यानं दोन पेल्यांवर कमानीसारखी टाकली. मीटरवरचा आकडा हलला, वर चढला आणि एक पॉइंट शून्य सातवर थांबला. मॅडमनी चक्क टाळी वाजवली.

परीक्षक जयसिंगपूरचे, नावाजलेले कडक. मुलांची निरीक्षणं लिहून झाल्यावर त्यांनी चिमट्यानं एक वात उचलली. आकडा कोसळला. परत ठेवली, तो जागेवर आला.

"हे डोकं कुणाचं?"

"काकांचं," मॅडम म्हणाल्या. "त्यांनाच विचारा."

परीक्षकांनी श्रेणिकच्या हातात खडू दिला. त्या खोलीत ‘नळ्या धुतल्या का’ याखेरीज त्याला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. त्यानं घाबरत फळ्यावर दोन पेले काढले.

"जस्त लई दिलदार, सर. अंगातलं इलेक्ट्रॉन पट्टीवर सोडतंय आन् सोता पाण्यात विरघळतंय. इलेक्ट्रॉन तारेनं तांब्याकडं जात्यात. तिथं निळ्या पाण्यातलं तांबं त्ये घेतंय आन् पट्टीवर चढून बसतंय."

"मग वात कशाला?"

"जस्ताच्या पेल्यात धन भार साचतोय, तांब्याच्या पेल्यात ऋण. साचला की गाडी ठप्प! वातीतला सोरा दोन्ही घरची समजूत काढतोय."

"मग दोन्ही पाणी एकाच भांड्यात का नाही ओतायचं?"

"तसं केलं तर तांबं थेट जस्तावरच बसंल की, सर! तारेनं कोण जाईल? आन् तारेनं कोण गेलंच न्हाय, तर दिवा कुणी लावायचा?"

परीक्षक खो खो हसले. "एवढं स्वच्छ उत्तर मला आज कुणी दिलं नाही," ते मुलांकडं बघत म्हणाले.

सगळे गेल्यावर श्रेणिकनं सवयीनं डस्टर उचलला. मॅडमनी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"पुसू नका, काका. सोमवारी अकरावीची मुलं येतील. त्यांना याच्यावरूनच शिकवणार आहे मी."

बेसिनकडं तोंड करून श्रेणिक बराच वेळ धुतलेलेच पेले पुन्हा धूत राहिला.