नसलेल्या गावाचा ठिपका

भूगोलाचे निवृत्त शिक्षक रामदास नाना यांचे तीन आठवड्यांपूर्वी, सोमवारी सकाळी, धरणगाव येथे राहत्या घरी निधन झाले. बातमी दुपारी आमच्या दैनिकाच्या जळगावच्या कचेरीत आली. तिच्या चार ओळी मीच केल्या. एक गोष्ट त्यांत बसली नाही...

नाना मला सातवीला होते. जगाचे नकाशे ते मांजरपाटावर स्वतः रंगवत. कॅनडाच्या पूर्व टोकाला त्यांनी एक प्रदेश हिरवा केला होता. रिव्हिएर-सेंट-जीन, असे ते नाव वाचत. डोंगर, सूचिपर्णी जंगल, लांबलेला हिवाळा आणि मधून समुद्राकडे जाणारी नदी. समुद्रातले सॅमन मासे अंडी घालायला तिच्या प्रवाहाविरुद्ध चढतात, हे सांगताना नाना खडू खाली ठेवत. ॲटलासात प्रदेशाला नाव होते, गाव दिसत नव्हते. एरंडोल तालुक्यात एरंडोल असते, शिंदखेडा तालुक्यात शिंदखेडा. नानांनी नदीकाठी त्याच नावाचा ठिपका दिला. “नाव शे म्हंजे गाव शेच,” ते अहिराणीत म्हणाले; नाव आहे तर गाव असणारच, असा त्यांचा हिशेब. आम्ही ठिपका वह्यांत उतरवला. पुढच्या वर्गांनीही उतरवला.

निवृत्तीनंतर त्यांनी कॅनडाच्या दिल्लीतील वकिलातीला पत्र लिहून त्या गावाची लोकसंख्या विचारली. उत्तर आले: तेथे कोणीही राहत नाही, नाव नदीवरून पडले आहे.

ते पत्र घेऊन नाना एसटीने माझ्याकडे आले.

“शुद्धिपत्र छाप.”

“नाना, चूक आपल्या अंकात नव्हती.”

“तुझ्या वहीत होती ना?”

शुद्धिपत्र फक्त अंकात छापलेल्या चुकीचे निघते, हा नियम मी सांगितला. त्यांनी चहा घेतला आणि ते परत गेले. त्यानंतर त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांना एकेक करून पोस्टकार्डे लिहायला घेतली. अक्का, त्यांच्या पत्नी, आल्यागेल्याला सांगत, “तठे एक मानूस नही, नि यासना जीव तठेच शे.” नाना मान वर न करता म्हणत, “मानूस नही, तेच त सांगानं शे.”

दहाव्याला अक्कांनी मला नावांची वही दाखवली. कार्ड गेले की नाना नावापुढे खूण करत. अकरा नावे बिनखुणेची आहेत. त्यांचे पत्ते मिळाले नव्हते. शाळेतला नकाशा भिंतीवरच आहे. ठिपक्यावर नानांनी नंतर दिलेला हिरवा रंग आजूबाजूच्या हिरव्यापेक्षा गडद आहे.

कार्डावरचा मजकूर सर्वांना एकच होता: “सातवीच्या नकाशात मी दाखवलेले गाव तेथे नाही. नाव नदीचे आहे.”