उंबऱ्यापर्यंतची ओवी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बाजरी पाखडणं. मी पोत्यातून काढून देत होतो, बायको, सगुणा, सुपात पाखडत होती. तोंडाने ओवी चालूच. तिचे हात चालले आणि तोंड बंद, असं संसारात एकदाही झालं नाही.

ओवी ती पाठ केलेली म्हणायची नाही, जागेवर बांधायची. कायदा एकच. सुरुवात डोंगरापासून. मग पाट, मग विहीर, मग दारातला लिंब, शेवटी घर. डोंगरावर पहाट असली तर विहिरीवर दुपार व्हायची आणि लिंबाशी येईपर्यंत दिवस मावळायचा. पाच ओळींत सगळं शिवार आणि सबंध दिवस. मी चौथी शिकलेला, तिने तर शाळा पाहिलीच नाही. हे तिला कोणी शिकवलं, देव जाणे.

एकदा मीही बांधायला बसलो. म्हशीपासून सुरुवात केली. हसता हसता तिच्या हातातलं सूप पडलं.

"अवं, म्हशीपासनं निघालं तर जायाचं कुठं? आदी लांबचं सांगावं. म्हस काय, सांजच्याला आपल्या पायानं घरी येती."

मी चिडून म्हणालो, "तुझ्या ओवीत म्हैस येते, लिंब येतो, शेजारणीचा कोंबडासुद्धा येतो. मी कधीच कसा न्हाई?"

"तुमी लई जवळ हाय. तितवर येईपतूर काम सरतं."

ही पळवाट, असं मी धरून चाललो. पण मनात सलत राहिलं.

त्या दिवशी बाजरीवर ती म्हणाली:

डोंगराच्या आड तांबडं फुटलं,
पाटाच्या पाण्यात ऊन न्हायलं,
विहिरीच्या काठी सावली निजली,
लिंबाच्या फांदीला पाखरं परतली,
उंबऱ्याच्या म्होरं...

"म्होरं काय?" मी विचारलं.

"सुचू द्या की. घाई कसली?" म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. चुलीपाशी बसली ती तिथेच कलंडली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

दहाव्याला संगमनेरची लेक आईच्या ओव्या वहीत उतरवत होती. म्हणाली, "आण्णा, शेवटची ओळ आता तुमीच घाला."

"तिची ओळ तिला ठाऊक. जागा मोकळी सोड," मी म्हणालो. बोललो तोऱ्यात, पण ती काय म्हणणार होती, हे मला कळायला हवंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगराच्या पायथ्याला गेलो आणि तिच्या ओवीच्या वाटेने घराकडे निघालो. पाटाशी ऊन लागलं. विहिरीवर दम खाल्ला. लिंबाखाली येऊन समोर पाहिलं. उंबऱ्यापुढे माझी बाज होती, मधोमध खोलगट झालेली. शेतातून रोज मी आधी यायचो, म्हणून मला ती रिकामीच दिसायची. सगुणा मागून यायची. तिला दिसायची ती माझ्यासकट.

लिंबाखाली बराच वेळ उभा राहिलो. मग जाऊन बाजेवर बसलो.